कीचकाच्या डोक्यावरची तुळई

३ नोव्हेंबर

आल्या आल्या भीती! लेकीने खोलीचं कुलूप उघडलं, माझी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "आई, उद्या तुला माझं देऊळ दाखवते." माझं देऊळ. जसं काही हिनेच बांधलंय. हजार वर्षांचं आहे म्हणे. आता तिथे पूजा नाही की गर्दी नाही, नुसती डागडुजी चालू आहे. मी विचारलं, वरचं छत नीट आहे का? हसली. कानाजवळची बट मागे सारत म्हणाली, "काही होत नाही गं."

हेही असंच म्हणाले होते. त्या सकाळी, चहा घेता घेता. कामावरच्या भिंतीला भेग गेलीय, आज बघून घेतो, काही होत नाही. कप ठेवला आणि गेले. दुपारच्या आत ती भिंत खाली आली आणि हे तिच्याखाली होते.

खोली लहान आहे, पण खिडकी मोठी. महिनाभर राहायचं कबूल केलंय. पुस्तकं जमिनीपासून कमरेपर्यंत रचलीत. भांडी मात्र चारच.

४ नोव्हेंबर

देऊळ पाहिलं.

बसच्या शेवटच्या थांब्याला उतरून मातीच्या वाटेने चालत गेलो. लांबून नुसता काळा ढिगारा दिसतो. जवळ गेलं की तो ढिगारा चालायला लागतो. खोटं नाही लिहीत. भिंतीच्या तळाशी हत्ती निघालेत एकामागे एक, त्यांच्यावर घोडे, घोड्यांवर हंस. हंसांच्या रांगेत एकाने मान मागे वळवलीय. बाकी सगळे नाकासमोर चाललेत, हा एकटा मागे बघतोय. त्याचं कुणीतरी मागे राहिलंय.

एका बाईच्या पायात काटा रुतलाय. एका हाताने फांदी धरून, पाय गुडघ्यावर घेऊन ती तो काढतेय. वाकल्यामुळे पोटाला वळी पडलीय — दगडाला! मी हात पुढे केला तशी लेक म्हणाली, "हात नाही लावायचा आई, घामाने दगड खराब होतो." इतकी वर्षं ऊनपावसात उभी आहे ती, आणि माझ्या बोटाने खराब होणार! पण नाही लावला. नोकरी तिची आहे.

मग आत गेलो. आत मला नाही आवडलं. म्हणजे आवडलं, पण बाहेरचं दार कुठे आहे ते आधी बघून ठेवलं. थंडगार अंधार, जाड खांब, आणि खांबांवर आडव्या दगडी तुळया — एकेक तुळई आमच्या खोलीएवढी लांब. सगळीकडे लोखंडी नळ्यांची परांची. एका तुळईखाली लाकडी टेकू दिलेत. लेक आणि तिच्या हाताखालच्या दोन मुली नेमक्या त्याच तुळईखाली, खांबाशी बसून ब्रशने दगड धुतात. दिवसभर.

टेकू कशाला? तर म्हणाली, तुळईला भेग आहे. जुनीच आहे. वर भेगेच्या आडवी काचेची पातळ पट्टी बसवलीय, दोन्ही टोकं चुन्यात पक्की. दगड केसभर हलला तरी आपल्याला कळत नाही, काचेला कळतं. ती तडकते. काच धड आहे तोवर भेग झोपलेली आहे असं समजायचं. तडकली की सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं, मग बोलायचं. हा त्यांचा नियम.

"म्हणजे काचेवर बसलीयस तू," मी म्हटलं.

"काचेखाली," ती म्हणाली, आणि त्या दोन मुली फिदीफिदी हसल्या.

५ नोव्हेंबर

डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती डबा घेऊन गेली. दारात तिला म्हणणार होते, आज नको जाऊस. म्हटलं, रुमाल घेतलास का.

७ नोव्हेंबर

रोज तिच्याबरोबर जायला लागलेय. खोलीत एकटी बसून कान रस्त्याकडे लावण्यापेक्षा ते बरं. तिला वाटतं आईला शिल्पांची गोडी लागली. लागलीच आहे. पण मी जाते ती काच बघायला.

दुपार कलली की मागच्या दारातून ऊन आत येतं आणि काच चमकते. खालून बघितलं तर अंधारात एक बारीक सरळ रेघ. ती रेघ अख्खी दिसली की माझा जीव खाली बसतो. मग घरी येईपर्यंत बरं असतं.

दाराशी पहारेकरी असतो. सगळे त्याला मिशीवाले म्हणतात — आधी मिशी येते, मग माणूस. मला बसायला स्टूल आणून दिलं. म्हणाला, "मावशी, इथे देव चोरीला जाईल म्हणून मला ठेवलाय. देव जागेवर आहेत, माझे मात्र तीन चष्मे गेले." मी म्हटलं, एखाद्या देवाच्या नाकावर बघा. खरंच बघायला गेला!

९ नोव्हेंबर

लेकीच्या ढिगातलं जाडजूड पुस्तक काढलंय. मी शाळेची पायरी चढले नाही, ही पहिलीत गेली तेव्हा तिच्याबरोबर तिच्याच पुस्तकातून वाचायला शिकले. अजूनही ओळीखाली बोट लागतं. पुस्तक लिहिणाऱ्याला घाई नाही, मलाही नाही. मूर्ती घडवताना शरीर तोंडाच्या मापाने मोजायचे म्हणे. देवाला मापं जास्त, माणसाला त्याहून कमी, आणि खांबाच्या माथ्यावर तुळई पेलून बसलेल्या बुटक्यांना सगळ्यांत कमी. त्यांना कीचक म्हणतात. ज्यांनी ओझी वाहायची त्यांची मापं कमीच असायची. हे वाचून राग आला. कुणाचा आला, कळलं नाही.

१० नोव्हेंबर

आज लेकीने मला परांचीवर नेलं. मी नको नको म्हणत होते, पण पाय आधीच पहिल्या पायरीवर होता. नळ्या हलतात. मिशीवाले खालून म्हणाले, "मावशी, खाली बघू नका, खाली मीच आहे, बघण्यासारखं काही नाही." हसू आलं म्हणून वर पोचले.

वरून कीचक दिसला. अगदी समोर, तोंडासमोर तोंड.

खालून नुसता गोळा वाटतो. वर गेल्यावर कळतं. ढेरपोट्या, पाय फाकवून उकिडवा बसलाय, दोन्ही तळहात डोक्याच्या वर, तुळईला लावलेले. गाल फुगलेत. दात खालच्या ओठात रुतलेत. मानेची शीर सुद्धा काढलीय घडवणाऱ्याने. आणि एवढं ओझं डोक्यावर असून डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात हसू.

हे! गॅसची टाकी उचलताना अगदी असेच दिसायचे. मदत करू का विचारलं की असंच तोंड. सहा वर्षांत ह्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून पुसट व्हायला लागला होता. फोटोतला राहिला होता, खरा जात चालला होता. तो इथे, एवढ्या उंचावर भेटला.

लेकीला म्हटलं, कुणासारखा दिसतो सांग. तिने ब्रशने त्याच्या गालावरची धूळ झाडली. मग म्हणाली, "म्हणून तर मी हा खांब मागून घेतला."

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती विसरली.

मग तिने दाखवलं — कीचकाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर ती भेग. खालून दिसते त्यापेक्षा लांब आहे. त्यावर काच. माझ्या करंगळीएवढी रुंद, पातळ. फुंकर मारली तरी तुटेल असं वाटलं. ह्यांचा चेहरा आणि वर भेग. परत तेच.

१२ नोव्हेंबर

सांगून टाकलं. जेवताना. म्हटलं, दुसरा खांब माग, दुसरं काम माग, नाहीतर माझ्याबरोबर घरी चल. तिने मला भाकरी वाढली. मग म्हणाली, तिथे टेकू आहेत, काच आहे, साहेब दर आठवड्याला येऊन तपासतात. साहेब म्हणजे इंजिनिअर, सगळ्या डागडुजीचे प्रमुख. रस्ता ओलांडताना जास्त धोका असतो, म्हणाली.

"तुझ्या बाबांनाही भेग दिसली होती," मी म्हटलं.

"बाबांकडे काच नव्हती आई."



१४ नोव्हेंबर

बाहेरच्या भिंतीवर वराह आहे. दंडावर पृथ्वीला बसवून समुद्रातून वर आणतोय. ती केवढीशी! त्याच्या कोपरावर बसलीय, पाय खाली सोडलेत, एक हात त्याच्या सुळ्यावर टेकवलाय — जसं मूल बापाचा कान धरून बसतं. खाली सगळं पाणी. तिला भीती वाटत नाही. तिच्यासाठी मलाच वाटली.

आत ब्रशचा आवाज येत होता, खसखस, खसखस. थांबला की माझा श्वास थांबतो. परत सुरू झाला की परत सुरू.

१५ नोव्हेंबर

एक विचार आलाय. लिहिणार नाही.

१७ नोव्हेंबर

केलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर झाडाखाली डबे उघडून बसतात. मिशीवाले नळावर तोंड धुवायला गेले होते. मी आत गेले. परांचीवर चढले, एकटी, नळ्यांना दोन्ही हातांनी धरून. कुणी खालून विनोद करायला नव्हतं. कीचकाकडे बघितलं नाही. खोलीची किल्ली मुठीत होती. काचेवर टेकवली आणि दाबली. टिक्. एवढाच आवाज. मुंगी मेल्यासारखा.

खाली आले, स्टुलावर बसले, पुस्तक उघडलं. पान उलटं होतं.

नंतर लेकीच्या हाताखालच्या एका मुलीने बघितलं. सगळे बाहेर. काम बंद. काच का तडकली ते साहेब येऊन तपासेपर्यंत आत पाय ठेवायचा नाही!

घरी येऊन लेक म्हणाली, "आई, काच तडकली गं. तू रोज म्हणत होतीस." मी भांडी घासत होते. बरं झालं वेळेत दिसली, म्हटलं. मान वर केली नाही.

१८ नोव्हेंबर

ती घरी आहे. खिडकीत बसून केस वाळवतेय. सहा वर्षांत पहिल्यांदा दिवसभर छातीवर दगड नाही. वाईट केलं असेन, पण ती समोर बसलीय.

दुपारी दोघी बाजारात गेलो. तिने मला चपला घेतल्या. परत येताना म्हणाली, त्या कीचकाला काही झालं तर मला सहन होणार नाही. मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

२० नोव्हेंबर

साहेब येऊन गेले. लेक संध्याकाळी आली, हातपाय धुतले. मग सांगितलं. भेग हलली असती तर काच भेगेच्या रेषेत तुटली असती. ही मधोमध चांदणीसारखी फुटलीय. टोकदार काहीतरी लावून कुणीतरी मुद्दाम फोडलीय.



कुणी फोडली असेल, मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

सगळे बाहेर असताना आत जायला मोकळीक फक्त मिशीवाल्यांना, ती म्हणाली. साहेबांचा त्यांच्यावर संशय आहे. काम लांबलं की त्यांची नोकरी लांबते, असा हिशेब लावलाय.

मी म्हटलं, ते तसे नाहीत. ती म्हणाली, "मलाही माहीत आहे. पण मग कोण?"

२१ नोव्हेंबर

देवळाबाहेर गेले होते. मिशीवाले पायरीवर बसले होते. मिशी खाली आलेली. मला स्टूल आणून दिलं, नेहमीसारखं. म्हणाले, "मावशी, इतके दिवस देव सांभाळले. बोटभर काच सांभाळता आली नाही." त्यांना वाटतंय त्यांचंच लक्ष चुकलं! स्वतःला दोष देतायत. घरी बायको आजारी आहे, हे बोलता बोलता निघालं.

स्टुलावर बसवेना. चक्कर येते म्हणून परत आले.

भीती किती प्रकारची असते! ही आधीच्या भीतीसारखी नाही. आधीची बाहेरून यायची. ही आतच होती, आता उठून बसलीय.

२२ नोव्हेंबर

मूग गिळून बसता आलं असतं. आठवड्यात मी घरी जाणार. कुणाला कळलं नसतं.

सकाळी लेक म्हणाली, "साहेब त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणणार आहेत." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, काच मी फोडली.

ती थांबली. "कशाने?"

"किल्लीने."

"तू एकटी वर चढलीस? पडली असतीस म्हणजे?"

आधी हे विचारलं तिने. म्हणून जास्त रडू आलं. राग नंतर आला. मोठ्याने नाही बोलली. ती ह्यांच्यासारखी आहे, राग आला की आवाज खाली जातो. म्हणाली, "आई, ती काच माझ्यासाठी होती. तिच्या भरवशावर मी तिथे बसते. आता उद्या ती तडकली तर मी काय समजू? दगड हलला, की आई आली होती?"

घडी मोडून परत घातली. तीच घडी. तीन वेळा.

२३ नोव्हेंबर

तिने साहेबांना सांगितलं. मिशीवाल्यांची नोकरी राहिली. मला आत जायला बंदी. बरोबर आहे.

पण पुढचं वेगळंच. साहेब म्हणाले, एवढं सगळं तपासलं त्यात तुळई ठणठणीत निघाली, भेग तसूभर हललेली नाही, मग तिथले टेकू काढा आणि मागच्या बाजूला लावा. तिथे जास्त गरज आहे. नवी काच बसवलीय. टेकू आज काढले.

मी म्हटलं, तू नको म्हणायचंस!

"म्हणणार होते," ती म्हणाली. "पण कुठल्या तोंडाने म्हणू?"

म्हणजे मीच. तिला वाचवायला गेले आणि तिच्या डोक्यावरचा आधार काढून बसले. ती उद्यापासून परत तिथेच बसणार आहे. तो खांब सोडायचा नाही म्हणते.

२४ नोव्हेंबर

आज परत बाहेरच्या भिंतीशी. आत बघायला मिळत नाही, काच दिसत नाही. नुसते कान. खसखस, खसखस.

मिशीवाल्यांनी स्टूल आणलं नाही. बरोबर आहे. मी वराहासमोर जमिनीवर बसले. बऱ्याच वेळाने ते आले, स्टूल आदळलं आणि म्हणाले, "बसा. आज काय फोडायचं बाकी आहे?" मी उठून हात जोडले. ते म्हणाले, "बसा हो मावशी. माझी आई असती तर तिने अख्खं देऊळ पाडलं असतं."

त्यांच्या समोर रडायचं नव्हतं. हंसाकडे बघत बसले. त्या मान वळवलेल्या.

२५ नोव्हेंबर

लेक कामापुरतं बोलते. जेवलीस का. औषध घेतलंस का.

२६ नोव्हेंबर

पुस्तक संपलं. शेवटी लिहिलंय, ही शिल्पं घडवणाऱ्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. नसेनात का. पण त्या कीचकाच्या डोळ्यातलं हसू कोरणाऱ्याच्या घरी कुणीतरी ओझी उचलणारं होतं, एवढं मला कळतं. त्याने बघितल्याशिवाय ते तिथे येणार नाही.

पिशवी भरायला घेतली. परवा निघायचं. मला तिला इथे ठेवून जायचं आहे, त्या तुळईखाली, टेकू नसलेल्या. हे गेले तेव्हा निदान ती भेग मी डोळ्यांनी बघितली नव्हती.

२७ नोव्हेंबर

सकाळी निघताना लेक दाराशी थांबली. म्हणाली, "उद्या तू जाणार. आज दुपारी ये, एकदा खालून बाबांना बघून जा. मिशीवाले तुझ्याबरोबर राहतील. हात मागे बांधून यायचं." शेवटचं वाक्य हसत म्हणाली. पाच दिवसांनी हसली.

नव्या चपला घालून जाईन.

२८ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

काल दुपारी आत गेले. हात खरंच मागे बांधले होते, मिशीवाले शेजारी. ऊन आत आलं होतं. लेक खाली बसून खांब धुत होती. मी कीचकाकडे बघितलं, मग सवयीने रेघेकडे. एक रेघ नव्हती. दोन होत्या, मध्ये काळं.

मिशीवाले माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "काच गेलीय. मी नाही." लेकीने मान वर केली. क्षणभर माझ्याकडे बघितलं, मीही नजर हलवली नाही. तिने वर बघितलंच नाही. ब्रश टाकला. "सगळे बाहेर. चला."

आम्ही झाडापर्यंत पोचलो आणि आतून आवाज आला. तो मी आधी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. तुळई दोन तुकडे होऊन खाली. लेकीचा ब्रश, तिची बादली, बसायचं पोतं — सगळं त्या तुकड्यांखाली. लेक माझ्या हातांत होती.

धूळ बसल्यावर दारातून बघितलं. कीचक जागच्या जागी. हात वर तसेच. डोक्यावर काही नाही.

आज मी घरी गेले नाही. ती झोपलीय. झोपण्याआधी विचारलं, एवढं सगळं करून बसलेली मी, माझ्यावर विश्वास कसा ठेवलास?

म्हणाली, "मागच्या वेळी भांडी घासताना तू माझ्याकडे बघितलंच नव्हतंस."